छाप्यानंतरचे प्रकरण

माणसांचा व्यापार करणारी एक टोळी. तिच्या मागावर असलेला तरुण पोलीस अधिकारी. त्या टोळीविरुद्धचा पुरावा नकळत हाती लागलेली एक सुशिक्षित मुलगी. दोघांत आधी संशय, मग ओढ, मधे दोनतीन खून, शेवटी रात्रीचा छापा आणि मीलन. या सांगाड्यावर उभ्या राहिलेल्या कादंबऱ्या आज आमच्या विद्यार्थ्यांच्या हातात मोठ्या प्रमाणावर दिसतात. बहुतेक इंग्रजी असतात, काही अनुवादित असतात, आणि बऱ्याचशा मोबाइलवर, लोकलच्या गर्दीत उभ्याने वाचल्या जातात. मी नवी मुंबईतल्या एका महाविद्यालयात मराठी शिकवते. माझ्या वर्गातल्या मुलींना साठोत्तरी कवितेचे प्रवाह सांगताना जांभया येतात, पण या कादंबऱ्यांविषयी विचारले की वर्ग जागा होतो.

हे सारे रंजनवादी म्हणून झटकून टाकण्याची आपल्या नियतकालिकांतली पद्धत जुनी आहे. मला ती सोयीची वाटत नाही. बाबूराव अर्नाळकरांच्या हजारावर रहस्यकथा निघाल्या, आणि त्यांचा झुंजार गिरणगावातल्या चाळीत जेवढा वाचला गेला तेवढा एकही प्रतिष्ठित कादंबरीकार वाचला गेला नसेल. जे वाङ्मय लोक खरोखर वाचतात त्यातूनच त्यांची जगाविषयीची समजूत बनते. माणसे विकली जातात म्हणजे नेमके काय होते, हे आमच्या मुलामुलींना समाजशास्त्राच्या पुस्तकातून कळत नाही, या कादंबऱ्यांतून कळते. त्यांतलीच काही मुले पुढे पोलिसांत जातात, काही वकील होतात, काही सामाजिक संस्थांत नोकरी धरतात. म्हणून या प्रकाराची बांधणी काय दाखवते आणि काय दडवते, हे पाहिले पाहिजे.

या प्रकाराला दोन गोष्टी अटळपणे लागतात: एक रहस्य आणि दुसरे प्रेम. रहस्यासाठी खलनायक अज्ञात असावा लागतो. तो कुठल्या तरी परदेशी बंदरातून सूत्रे हलवतो, त्याचे नाव शेवटच्या आधीच्या प्रकरणात कळते. प्रेमासाठी नायक आणि नायिका दोघेही स्वतःच्या मनाने वागणारी, बोलणारी, नकार देऊ शकणारी माणसे असावी लागतात. मग ज्या विकल्या गेल्या आहेत त्यांचे काय? त्या दाराआड असतात. छाप्यात दार तुटते, त्या दिव्याच्या उजेडात डोळे मिचकावतात, कोणीतरी त्यांच्या अंगावर चादर टाकते आणि गोष्ट पुन्हा नायक-नायिकेकडे वळते. त्यांना नाव नसते. असलेच तर आडनाव नसते. भारतात ज्या माणसाला आडनाव नाही त्याची जात विचारायची सोय राहात नाही, आणि लेखकाला नेमके तेच हवे असते की काय, अशी शंका मला येते.

प्रत्यक्षात या व्यापारात रहस्य जवळजवळ नसते. मुलगी कोणी नेली हे वस्तीला माहीत असते. नेणारा शेजारचा असतो, आत्याचा दीर असतो, लग्न लावून नेणारा जावई असतो, गावात दरवर्षी येणारा मुकादम असतो. किशोर शांताबाई काळे यांच्या 'कोल्हाट्याचं पोर' (१९९४) या आत्मकथनात मुलीच्या कमाईवर जगणारे पुरुष तिच्या घरातलेच आहेत, आणि ते तसे का जगतात याचे उत्तर जातीने वाटून दिलेल्या धंद्यात आहे. तिथे पोलिसाने कुणाचा पाठलाग करायचा?

आपल्या राज्यघटनेने हे ओळखले होते. अनुच्छेद २३ मध्ये माणसांचा अपव्यापार आणि वेठबिगार यांना एकाच वाक्यात मनाई आहे. हे शेजारपण अपघाताने आलेले नाही. ज्या समाजात महाराला राबवून घेणे हा गावाचा हक्क होता, त्या समाजात माणूस विकणे आणि माणूस फुकट राबवणे यांत फार अंतर नव्हते. भारतीय न्याय संहितेचे कलम १४३, जे १ जुलै २०२४ पासून लागू आहे, त्यातही अपव्यापाराची व्याख्या रुंद आहे. शोषणासाठी एखाद्याला भरती करणे, नेणे, ठेवून घेणे, दुसऱ्याच्या हवाली करणे किंवा स्वीकारणे, आणि हे धाकाने, फसवून, अधिकाराच्या जोरावर किंवा आमिष दाखवून करणे, असे ते कलम सांगते. त्याला सीमा ओलांडावी लागत नाही, कोंडलेली खोली लागत नाही. बळी पडलेल्याने मान डोलावली होती की नाही याने गुन्हा ठरत नाही.

आता ही व्याख्या हातात घेऊन कादंबरीबाहेर पाहा. सप्टेंबर २०२२ मध्ये नाशिक जिल्ह्यातल्या इगतपुरी तालुक्यातले प्रकरण वर्तमानपत्रांत आले. कातकरी आदिवासींची लहान मुले मेंढ्या राखायला मेंढपाळांच्या हवाली केली जात होती. मोबदला म्हणजे काही शे रुपये आणि एखादी मेंढी. एक दहा वर्षांची मुलगी मरण पावली तेव्हा हे उजेडात आले. या घटनेत टोळी नाही, बंदर नाही, शेवटच्या प्रकरणात कळणारे नाव नाही. मेंढीच्या भावात मूल जाते. यावर प्रेम-रहस्यकादंबरी कोण लिहील?

माझे आईवडील मराठवाड्यातून आले आणि इथल्या दगडखाणीवर राहिले. त्यामुळे 'उचल' हा शब्द मी शाळेत जाण्याआधी शिकले. उचल म्हणजे मुकादमाने हंगामापूर्वी दिलेले पैसे. ते फिटेपर्यंत माणूस त्याचा. आजही पनवेल-कर्जतच्या बाजूला वीटभट्टीवर जाणारी कातकरी कुटुंबे पावसाळ्यात उचल घेतात आणि दिवाळीनंतर बायकापोरांसकट भट्टीवर जातात. १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याप्रमाणे असे कर्ज आपोआप रद्द ठरते आणि मजुराला मुक्तता प्रमाणपत्र मिळाले पाहिजे. तो कागद जिल्हा प्रशासनाने द्यायचा असतो, आणि तो मिळवण्यासाठी पिस्तूल उपयोगाचे नाही, महसूल कचेरीत चार खेपा घालणारा कार्यकर्ता लागतो. घरातली कर्ती मुलगी 'कामाला लावून देतो' म्हणणाऱ्याबरोबर शहरात पाठवली जाते ती बहुधा अशाच एखाद्या उचलीच्या पोटी. वेश्यावस्ती आणि वीटभट्टी यांना जोडणारा धागा हाच आहे. या कादंबऱ्या फक्त वेश्यावस्ती पाहतात, कारण तिथे शरीर आहे आणि शरीराच्या आसपास प्रेमकथेला जागा मिळते.

बरे, वेश्यावस्तीपुरतेच पाहू. इथेही छापा आता कामाठीपुऱ्याच्या गल्लीत कमी आणि लॉजमध्ये, भाड्याच्या फ्लॅटमध्ये, मसाजच्या पाटीमागे अधिक पडतो. नवी मुंबई पोलिसांचा अनैतिक मानवी वाहतूक प्रतिबंधक कक्ष आहे. त्याच्या कारवायांची बातमी चार ओळींची असते आणि तिची वाक्येही ठरलेली असतात: बनावट ग्राहक पाठवला, इशारा मिळताच छापा टाकला, अमुक महिलांची सुटका, दलालास अटक. कादंबरी जिथे संपते तिथेच ही बातमीही संपते. विद्यार्थ्यांना मी विचारते की 'सुटका' झालेली ती बाई त्या रात्री कुठे झोपली? कोणालाही सांगता येत नाही. हा दोष त्यांचा नव्हे, कोणी सांगितलेलेच नसते.

म्हणून ते थोडे सविस्तर सांगते. कारवाई होते ती १९५६ च्या अनैतिक व्यापार प्रतिबंध कायद्याखाली. त्याच्या कलम १५ प्रमाणे विशेष पोलीस अधिकारी वॉरंटशिवाय झडती घेऊ शकतो, मात्र झडतीला त्या भागातले दोन किंवा अधिक 'प्रतिष्ठित' रहिवासी पंच म्हणून हवेत, त्यांत निदान एक स्त्री हवी, आणि अधिकाऱ्याबरोबर दोन महिला पोलीस हव्यात. ('प्रतिष्ठित' हा शब्द कायद्यातला आहे. एखाद्या वस्तीत प्रतिष्ठित कोण, हे ठरवण्याची या देशातली रीत वाचकांना सांगायला नको.) सापडलेल्या स्त्रीला दंडाधिकाऱ्यापुढे उभे करतात. त्यानंतर कलम १७ सुरू होते, आणि माझ्या मते खरी कादंबरी तिथे सुरू होते. दंडाधिकारी तिला तात्पुरत्या सुरक्षित ताब्यात ठेवतो आणि चौकशी करतो. तिचे वय, तिचे चारित्र्य, तिचा पूर्वेतिहास, तिचे आईबाप किंवा नवरा तिला सांभाळायला लायक आहेत का, तिच्या घरच्या परिस्थितीचा तिच्यावर काय परिणाम होईल, हे चौकशीचे विषय. परिवीक्षा अधिकारी घरी जाऊन अहवाल देतो. दंडाधिकाऱ्याला सल्ल्यासाठी पाच प्रतिष्ठित व्यक्तींचे मंडळ बोलावता येते, शक्यतो त्यांत तीन स्त्रिया. आणि मग तिला एक ते तीन वर्षे संरक्षणगृहात ठेवण्याचा आदेश निघू शकतो.

यात एक प्रश्न कुठे आहे, शोधून पाहा: 'बाई, तुला कुठे जायचे आहे?' ती सज्ञान असली तरी तिची संमती ही या कलमातली अट नाही. जिच्यावर गुन्हा नाही, खटला नाही, शिक्षा नाही, ती कुलुपाआड जाऊ शकते, आणि कागदावर तिला 'सुटका झालेली' म्हणतात.

यातून जात कशी आत शिरते हे २०१९-२० च्या एका मुंबईतल्या प्रकरणात लख्ख दिसले. सप्टेंबर २०१९ मध्ये मालाडला छापा पडला आणि तीन तरुण स्त्रिया सापडल्या. तिघी सज्ञान होत्या. परिवीक्षा अधिकाऱ्याच्या अहवालात आले की त्या उत्तर प्रदेशातल्या बेडिया समाजाच्या आहेत आणि त्या समाजात वयात आलेल्या मुलींना या धंद्याला लावण्याची चाल आहे. दंडाधिकाऱ्याने मुलींना आयांच्या ताब्यात द्यायला नकार दिला आणि एक वर्षासाठी महिला वसतिगृहात ठेवण्याचा आदेश दिला. सत्र न्यायालयाने तो कायम केला. सप्टेंबर २०२० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो रद्द केला. वेश्याव्यवसाय हाच या कायद्यात गुन्हा नाही, गुन्हा आहे तो व्यापारासाठी होणारे लैंगिक शोषण; सज्ञान स्त्रीला तिच्या मनाविरुद्ध डांबता येत नाही, असे न्यायालयाने सांगितले. तोवर त्या वर्षातले बहुतेक महिने सरले होते.

हा निकाल वाचून मला आनंद झाला आणि अस्वस्थही वाटले. दोन्ही का, ते सांगते. बेडिया ही इंग्रजी अमदानीत गुन्हेगार ठरवलेल्या जमातींपैकी एक. तो कायदा १९५२ मध्ये गेला. पण जन्मामुळे संशयित ठरण्याची पद्धत कलम १७ च्या 'घरची परिस्थिती' या शब्दांतून पुन्हा आत आली. सवर्ण घरातली मुलगी त्याच खोलीत सापडली असती तर तिच्या आईला 'तुमच्या समाजात अशी चाल आहे' असे कोणी ऐकवले असते का? म्हणून आनंद. अस्वस्थता अशासाठी की 'हा त्यांचा निवडलेला व्यवसाय' असे म्हणून आता अनेक जण मोकळे होतात. बेडिया, कोल्हाटी, देवदासी, नट यांच्याच मुलींना ही 'निवड' पिढ्यान् पिढ्या का सुचते? एकच वाट मोकळी ठेवायची आणि त्या वाटेने जाणारीला स्वतंत्र म्हणायचे, हे मला पटत नाही. १९९६ पासून सांगलीत वेश्या अन्याय मुक्ती परिषद काम करते. पोलिसांनी दार तोडून केलेल्या 'सुटके'ला तिचा विरोध आहे, आणि तो अनुभवातून आलेला आहे. तिची 'काम' ही परिभाषा मी पूर्णपणे स्वीकारू शकत नाही. पण ज्या बाईला सोडवायचे तिने 'आधी मला विचारा' म्हणावे, यावर माझ्यापाशी प्रतिवाद नाही. सर्वोच्च न्यायालयानेही मे २०२२ मध्ये सज्ञान स्त्रियांना संरक्षणगृहांत त्यांच्या इच्छेविरुद्ध ठेवले आहे का याची पाहणी करायला राज्यांना सांगितले.

आमच्या परिसराने नैतिकतेचा आणखी एक प्रयोग पाहिला आहे. रायगड जिल्ह्यातल्या, विशेषतः पनवेलच्या डान्स बारांचा प्रश्न विधानसभेत गाजला आणि २००५ मध्ये राज्यभर बंदी आली. बंदीतून तीन तारांकित व त्यावरची हॉटेले वगळली होती. म्हणजे नाच अनैतिक नव्हता, स्वस्त नाच अनैतिक होता. उच्च न्यायालयाने २००६ मध्ये आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये ती बंदी फेटाळली. मधल्या वर्षांत त्या मुली कुठे गेल्या, याचा हिशेब कोणत्याही पोलिसी कादंबरीत मी वाचलेला नाही. पडद्यावर २०१४ च्या 'मर्दानी'त नायकाच्या जागी स्त्री अधिकारी आली, ही बरी गोष्ट. पण खलनायक पुन्हा एक चलाख, इंग्रजी बोलणारा तरुण. तो मेला की व्यापार संपला, असे वाटून प्रेक्षक घरी जातो.

मराठीत यापेक्षा निराळे लिहिले गेलेले नाही असे नाही. बाबूराव बागुलांची 'सूड' १९७० ची. तिच्यातली जानकी वेश्येच्या पोटी जन्मलेली आहे, आणि तिच्यासाठी दार तोडून कोणी येत नाही. नामदेव ढसाळांचा 'गोलपिठा' १९७२ चा. त्यात वस्ती बाहेरून, छाप्याच्या विजेरीच्या उजेडात दिसत नाही, ती आतून बोलते. विजय तेंडुलकरांचे 'कमला' एका खऱ्या घटनेवरून आले. १९८१ मध्ये एका इंग्रजी दैनिकाच्या बातमीदाराने बायकांचा बाजार सिद्ध करण्यासाठी एक बाई विकत घेतली होती. नाटकातला पत्रकार असाच शूर आहे. पण विकत आणलेली कमला त्याच्या बायकोला विचारते की तुला केवढ्याला घेतले, आणि त्या एका प्रश्नाने सुटका करणाऱ्याचे घरच बाजाराच्या रांगेत येऊन बसते. प्रेम-रहस्यकादंबरीत असा प्रश्न नायिकेला कोणी विचारीत नाही. विचारला तर लग्नाचे प्रकरण लिहिणे अवघड होईल.

सुटकेनंतर काय होऊ शकते याचे माझ्या माहितीतले सर्वांत बोलके उदाहरण मुंबईचेच आहे. फेब्रुवारी १९९६ मध्ये उच्च न्यायालयाच्या आदेशावरून पोलिसांनी कामाठीपुऱ्यात मोठे छापे घातले आणि चारशेहून अधिक मुली ताब्यात घेतल्या. त्यांतल्या निम्म्याच्या आसपास नेपाळच्या होत्या. छापा कादंबरीत शोभावा असाच होता. पुढे त्या महिनोन्महिने गृहांत अडकल्या, कारण त्यांना परत घ्यायला त्यांचे सरकार तयार नव्हते. अखेर नेपाळमधल्या स्वयंसेवी संस्थांनी शंभराहून अधिक जणींना जुलैत नेले. त्यांतल्या पंधरा जणींनी मिळून 'शक्ती समूह' ही संस्था काढली. चरिमाया तामाङ त्यांतली एक. जिच्या बाजूने कोणी बोलत नव्हते ती स्वतः, ज्यांनी विकले त्यांच्यावर खटला भरायला उभी राहिली. २०१३ मध्ये या संस्थेला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. छाप्याच्या बातमीत या स्त्रिया फक्त आकडा होत्या.

आपल्या चळवळीनेही या बायांशी बोलण्याची एक रीत घातली आहे, आणि ती विसरली जाते. १६ जून १९३६ रोजी मुंबईत परळच्या दामोदर हॉलमध्ये देवदासी, जोगतिणी, मुरळ्या आणि कामाठीपुऱ्यातल्या स्त्रिया धर्मांतराला पाठिंबा द्यायला जमल्या होत्या. बाबासाहेब त्यांच्याशी कडक बोलले. हे जिणे सोडा, इतर स्त्रियांसारखा संसार करा, तरच आमच्याबरोबर या, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय. आज काहींना तो कठोर वाटतो. मलाही ते भाषण पहिल्यांदा वाचताना वाटला होता. पण त्यात एक गोष्ट आहे जी कलम १७ मध्ये नाही: निर्णय त्या स्त्रियांनी घ्यायचा आहे, आणि त्या तो घेऊ शकतात हे गृहीत धरलेले आहे. सभेला बोलावलेल्या माणसाशी जसे बोलतात तसे ते बोलणे आहे.

त्याही आधीची एक गोष्ट आहे, आणि तिच्यात प्रेम नसले तरी लग्न आहे. शिवराम जानबा कांबळे यांनी १९०८ मध्ये पुण्यात 'सोमवंशीय मित्र' सुरू केले. त्यातून त्यांनी मुरळी सोडण्याच्या प्रथेविरुद्ध सतत लिहिले आणि मुरळ्यांना हे जीवन सोडण्याचे आवाहन केले. त्याला उत्तर म्हणून शिवूबाई लक्ष्मण जाधव-सोनकांबळे या मुरळीने पत्र पाठवले. ते छापले गेले. ती हे सारे सोडून संसार करायला तयार होती. कांबळे यांच्या कार्यकर्त्यांपैकी गणपतराव गायकवाड पुढे आले आणि त्यांचा विवाह झाला. या गोष्टीत कोणी दार तोडलेले नाही. एक नियतकालिक आहे, एका बाईने लिहिलेले पत्र आहे, आणि ते वाचून जागचा उठलेला एक माणूस आहे. मीनाक्षी मून आणि उर्मिला पवार यांनी 'आम्हीही इतिहास घडवला' (१९८९) मध्ये चळवळीतल्या स्त्रियांचा शोध घेतला. आमच्या ग्रंथालयात त्या पुस्तकाची एकच प्रत आहे. यंदा ती सात मुलींनी पाळीपाळीने नेली, आणि आठवी अजून रांगेत आहे.